शंभर पानी वही

शिबिराला येताना काय काय आणायचे, याची यादी आम्ही पोस्टकार्डावर लिहून पाठवायचो. ताट, वाटी, पेला, अंथरूण-पांघरूण, उन्हासाठी टोपी किंवा रुमाल, जमत असेल तर थोडी ज्वारी. कार्डाच्या तळाशी जागा उरली की लिहायचे : गाण्यांसाठी शंभर पानी वही. ताट विसरून आलेली मुले मी पाहिली आहेत. ती केळीच्या पानावर जेवली, आणि यावल-रावेरच्या बाजूला केळीच्या पानाला काही तोटा नाही. वही विसरलेल्याला मात्र कोणी पान फाडून द्यायचे नाही. तो दहाही दिवस दुसऱ्याच्या वहीत डोकावत बसायचा आणि बहुधा त्याचीच गाणी सगळ्यात पक्की व्हायची.

साने गुरुजींच्या १२५ व्या जयंतीच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी राष्ट्र सेवा दलाच्या उन्हाळी बालशिबिरांचा जळगाव-धुळ्यापुरता इतिहास लिहा, त्यातही गाण्यांचा लिहा, असा संपादकांचा निरोप आला. इतिहास लिहायचा तर हजेरीपट हवेत, जमाखर्च हवा, ठरावांचे पुस्तक हवे. यातले माझ्यापाशी काही नाही. माझ्यापाशी वह्या आहेत. काही माझ्या, काही मुलांनी विसरलेल्या. म्हणून ही हकिगत वहीवरूनच सांगतो.

पण आमच्या मुलखात वही म्हटले की नुसती कागदाची नाही. वहीगायन ही खानदेशातली जुनी लोककला. डफावर थाप पडते, एक जण कथा उचलतो, मागचे झील धरतात, आणि देवादिकांच्या कथा रात्रभर चालतात. त्या गाण्यालाच वही म्हणतात. ही वही म्हणायची असते, लिहायची नसते. देशावरून आलेल्या आमच्या एका पाहुण्या कार्यकर्त्याने गावातल्या म्हाताऱ्या बाबांना विचारले, 'बाबा, तुमच्याकडे वही आहे का?' बाबा म्हणाले, 'शे ना,' आणि तिथेच ओट्यावर बसून गायला लागले. पाहुणा हातात पेन घेऊन वाट बघत राहिला. हा किस्सा आम्ही पुढे अनेक वर्षे हसत सांगितला. हसणे आपल्यावरही आहे, हे मला फार उशिरा कळले. त्याकडे पुढे येतो.

सुरुवात अमळनेरपासून करावी लागते. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले, १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. मध्ये सहाच वर्षे. त्यातही त्यांचे खरे काम वर्गापेक्षा छात्रालयात झाले. तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचे पत्र काढीत, त्याचे नावच 'छात्रालय'. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक निघाले. गुरुजी गवई नव्हते. पण मुलांबरोबर एकत्र राहायचे, एकत्र झाडायचे, एकत्र प्रार्थना म्हणायची, हा जो घाट त्यांनी छात्रालयात बसवला, तोच पुढे शिबिराचा घाट झाला. आजही सेवादलाच्या शिबिराचा दिवस पाहिला तर छात्रालयाचाच दिवस थोडा लांबवल्यासारखा वाटतो.

दुसरी जागा धुळ्याचा तुरुंग. १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा तिथे गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून ते सगळे लिहून घेणारे साने गुरुजी, म्हणून आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आहे. तारखा नीट पाहा : फेब्रुवारी ते जून, म्हणजे खानदेशचा पुरा उन्हाळा. धुळ्याच्या उन्हात, दगडी भिंतींच्या आत, एकत्र राहणे, श्रम, प्रार्थना आणि आठवड्याचे बौद्धिक. आमच्याकडचे पहिले उन्हाळी शिबिर सरकारी खर्चाने झाले, असे मी मुलांना सांगतो. मुले हसतात. मोठ्यांना ते तितकेसे आवडत नाही. विनोबांची 'गीताई' छापून निघाली तीही त्याच वर्षी. तिची खुबी अशी की ती वाचण्यापेक्षा म्हणायला सोपी. आमच्या शिबिरात पहाटे म्हटले जाणारे तिचे श्लोक पाठ नसलेली मुलेसुद्धा चौथ्या दिवशी ओघाने पुढची ओळ धरीत.

१९३६ च्या डिसेंबरात यावलजवळ फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि बांबूंनी नगर सजवायला शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आलेले. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. खानदेशच्या खेड्यांत एकत्र म्हणायची देशभक्तीची गाणी घरोघर पोचली ती याच सुमाराला, असे जुनी माणसे सांगत.

संस्था म्हणून सेवादलाची हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवादलाचा पाया घातला. महाराष्ट्रात ४ जून १९४१ ला पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. शाखेवर खेळ, कवायत, लेझीम, बौद्धिक आणि गाणे. गाणे शेवटी लिहिले तरी मुलांच्या दृष्टीने पहिले. मुले आणि मुली एकाच रिंगणात उभी राहून गातात, ही गोष्ट त्या काळच्या गावाला साधी नव्हती.

सव्वा वर्षातच बेचाळीसचे आंदोलन पेटले. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात. आज तो वेगळा जिल्हा आहे. पोरांच्या तोंडी घोषणा होत्या त्या गुजरातीत, कारण घरची भाषा ती. पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. शिबिरात ही हकिगत सांगितली की समोरचे तेरा-चौदा वर्षांचे पोर मनातल्या मनात वजाबाकी करताना दिसते. ती मुले आपल्या घरच्या भाषेत ओरडत गेली होती, हा तपशीलही मी बरीच वर्षे सांगत आलो. त्याचा अर्थ तेव्हा घेतला नाही.

पुढचे मोठे नाव सेवादलाच्या कलापथकाचे. वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे ही मंडळी कलापथकाची. 'महाराष्ट्र दर्शन' आणि 'भारत दर्शन' यांसारखे त्यांचे कार्यक्रम गावोगाव गाजले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्राचा दौरा केला आणि १ मे १९४७ पासून उपोषण केले, त्या दौऱ्यात सभेआधी गाणी ठरलेली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हेही कलापथकाच्या मुशीतले. सेवादलाने देशाला समाजवादी किती दिले ते इतिहासकारांनी मोजावे, विनोदी नट मात्र चांगले दिले.

बापटांची गाणी आमच्या वह्यांत सर्वांत जास्त. कारण सरळ आहे : ती चालायला लावतात. पाय आणि शब्द एकत्र पडतात, आणि सुरात नसलेले मूलसुद्धा तालात राहते. शिबिरातले गाणे सुरापेक्षा तालाने तगते, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

आता शिबिराचा दिवस. जागा म्हणजे तालुक्याच्या किंवा मोठ्या गावातली शाळा. दोन-तीन वर्ग झोपायला, एक वर्ग कोठीला. पत्र्याचे छप्पर असले तर दुपारी आत बसवत नाही, मग कडुनिंबाखाली. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि तोंडावर रुमाल बांधल्याशिवाय मुलाला दारातून सोडायचे नाही, हा आमचा नियम होता. पहाटे साडेपाचला प्रभातफेरी, मग श्रमदान, न्याहारी, खेळ. दहाच्या आत उन्हातले सगळे उरकायचे. दहा ते साडेअकरा गाणे. जेवण, झोप, बौद्धिक. संध्याकाळी लेझीम, रात्री पुन्हा गाणे आणि नकला. जेवायला वरण-बट्टी झाली त्या दिवशी दुपारचे बौद्धिक कुणालाच कळले नाही, वक्त्यालासुद्धा.

गाणे शिकवायची रीत ठरलेली. फळ्यावर ध्रुपद, मुले वहीत उतरवतात. दादा एक ओळ म्हणतो, मुले ती ओळ परत म्हणतात. तीन वेळा झाली की पुढची. पेटी असली तर उत्तम, नसली तर खंजिरी. चूक नेहमीची एकच : दादा स्वतःच्या गळ्याच्या सोयीची पट्टी धरतो आणि मुलांचा आवाज खाली दबतो. मुलांना उंच बरे वाटते. ती आपोआप वर सरकतात, आणि तिसऱ्या कडव्याला दादा एका गावाला, मुले दुसऱ्या गावाला. आमच्यातल्या एका ताईंनी उपाय काढला. त्या स्वतः न गाता, बऱ्यापैकी गळ्याच्या एका मुलीला पुढे उभी करीत आणि तिने धरलेली पट्टी सगळ्यांची. हा उपाय मी पुढे सगळीकडे वापरला.

निवड करायची नाही, हा दुसरा नियम. गाता येणाऱ्यांचा वेगळा गट नाही, नंबर नाहीत, बक्षीस नाही. २००९ च्या आसपास झी मराठी वाहिनीवर लिटिल चॅम्प्स गाजले, तेव्हा पालक विचारू लागले, 'शेवटच्या दिवशी स्पर्धा ठेवता का?' दोन वर्षे ठेवलीही. ठेवली तेव्हा ज्यांना गाता येत नव्हते ती मुले रात्रीच्या गाण्याला मागे बसून कुजबुजू लागली. मग बंद केली. पालक नाराज झाले, काहींनी मुले पाठवली नाहीत. पाठवली नाहीत तर नाहीत.

वहीतली गाणी कोणती? गुरुजींची प्रार्थना 'खरा तो एकची धर्म' पहिल्या पानावर. ती आता शाळाशाळांत म्हणतात. मग बापट, मग हिंदीतली गाणी, आणि गुरुजींच्या आंतरभारतीच्या कल्पनेला धरून एक बंगाली, एक तमिळ, एक गुजराती. त्यांनी ही कल्पना १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, त्यासाठी रवींद्रनाथांच्या विश्वभारतीसारखे काही उभे राहावे, हा तिचा गाभा. पुढल्याच वर्षी ११ जूनला गुरुजी गेले. कल्पना मागे राहिली, ती गाण्यांनी थोडीफार चालवली. हर्डीकरांच्याच तालमीतले एस. एन. सुब्बाराव, आमचे भाईजी, खादीचा सदरा आणि अर्धी चड्डी घालून देशभर शिबिरे घेत हिंडले. अठरा भाषांतल्या मुलांना एका रांगेत उभे करून ते एकच गाणे म्हणवून घेत. कार्यकर्त्याने गायला लाजू नये, हे आम्ही त्यांच्याकडे बघून शिकलो.

म्हणजे यावलच्या पोराच्या वहीत तमिळ गाणे होते, देवनागरीत लिहिलेले. आणि त्याच्या घरची अहिराणी?

एका वर्षी आखाजी मेच्या मध्यावर आली. एरवी आम्ही शिबिराच्या तारखा आखाजी टाळूनच ठरवायचो. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, घागर भरतात, पितरांना आंब्याचा रस आणि सांजोऱ्यांचा नैवेद्य होतो, गौराई बसते, झाडाझाडाला झोके बांधतात. आणि वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदारांचे साल आखाजीला संपते. नवे साल कुठे धरायचे ते ठरते, आणि घर मोडून दुसऱ्या गावी जायचे तर ते याच दिवसांत. गेल्या वर्षीच्या यादीतली चार-सहा मुले यंदा नाहीत, याचे कारण आम्ही सुरुवातीला उत्साह कमी पडला असे समजत होतो. पोरांचा उत्साह होता. बापाचे साल दुसऱ्या गावी गेलेले असे.

त्या वर्षी शाळा मिळाली ती आखाजीच्या आठवड्यातच. दुपारी मी वर्गात बौद्धिक घेत होतो. विषय होता लोकसंस्कृती. हे मी बनवून सांगत नाही. टिपण अजून वहीत आहे. बाहेर कडुनिंबाला मुलींनी विहिरीचा दोर टाकून झोका बांधला होता आणि त्या झोक्याची गाणी म्हणत होत्या. एक मुलगी उचलायची, बाकीच्या मागे. ध्रुपद, कडवे, पुन्हा ध्रुपद, पट्टी बरोबर, ताल दोराच्या हेलकाव्याचा. मी दारात गेलो आणि म्हणालो, 'पोरींनो, गडबड नको. बौद्धिक चालू आहे.' त्या गप्प झाल्या.

रात्रीच्या गाण्याला मी विचारले, 'आज कोण नवे गाणे म्हणणार?' दुपारी उचलणारी ती मुलगी पुढेच बसली होती. दहा-अकरा वर्षांची, सालदाराची पोर. तिला म्हटले, 'तू म्हण.' ती म्हणाली, 'दादा, माले गानं येत नही.'

तिला गाणे येत नाही, असे तिला वाटले ते माझ्यामुळे. फळ्यावर जे येते ते गाणे, वहीत उतरते ते गाणे. झोक्यावरचे ते नुसते झोक्यावरचे. आधी सांगितलेल्या त्या पाहुण्याला आम्ही हसत होतो, आणि दहा दिवसांचे गाण्याचे टाचण काढणारा मी त्याच्याहून वेगळा नव्हतो. पुढच्या वर्षी ती आली नाही. तिच्या बापाचे साल दुसरीकडे ठरले होते.

हंगेरीत कोदाय नावाचा संगीतकार होऊन गेला. त्याने बार्तोकबरोबर खेडोपाडी फिरून गाणी गोळा केली आणि नंतर शाळांतल्या संगीतशिक्षणाचा सगळा आराखडा त्यावर उभारला. मुलाने आधी आपल्या गावच्या गाण्यात गायला शिकावे, ती त्याची संगीतातली मातृभाषा, हे त्याचे म्हणणे. हे मी नंतर वाचले. वाचताना कडुनिंबाची ती फांदी डोळ्यांपुढे आली.

वास्तविक कोदायपर्यंत जायचीही गरज नव्हती. जळगावजवळ आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर. शेतात, जात्यावर त्यांनी जे म्हटले ते त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी जपले, आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांनी ते पुस्तकरूपाने लोकांपुढे आणले. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आखाजीवर त्यांची कविताच आहे. मुले ती पाठ्यपुस्तकातल्यासारखी म्हणून दाखवत, आणि आपली आजीही असेच म्हणते हे कोणाच्या लक्षात येत नसे. अहिराणी वेगळी, बहिणाबाईंची लेवा बोली वेगळी, सातपुड्याच्या पायथ्याची पावरी तर निराळीच. पण वहीत या तिघींनाही सारखीच जागा होती, म्हणजे नव्हती.

त्यानंतर आम्ही पोस्टकार्डावर एक ओळ वाढवली : घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गाणे ऐकून यावे. लिहून आणावे असे म्हटले नाही, मुद्दाम. पहिल्या वर्षी फारसे काही आले नाही. मुले लाजली, काहींनी सिनेमातली गाणी आजीची म्हणून खपवली. दुसऱ्या वर्षी गुलाबाईची गाणी आली. ती खरे तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची, पण मुलींनी मेमध्येच म्हटली आणि कोणाचे काही बिघडले नाही. कानबाई या खानदेशी देवीची आली. चोपड्याकडून आलेल्या दोन पावरा मुलांनी ढोलाच्या ठेक्यावर गाणे म्हटले आणि अर्ध्या शिबिराला ते कळले नाही. तमिळही कळत नव्हते, तरी आम्ही ते आनंदाने म्हणत होतोच. एका मुलाने आजोबांची वही आणली, म्हणजे डोक्यात आणली. ती म्हणायला रात्रीचे दोन तास लागले. कोठीवरच्या बायका पीठ मळायचे सोडून दारात येऊन बसल्या. सकाळी न्याहारीला उशीर झाला, त्याची तक्रार कोणी केली नाही.

या गाण्यांनी भांडणेही आणली, ती लपवू नयेत. झोक्याच्या आणि आखाजीच्या गाण्यांत शिव्या असतात. दोन गावांच्या बाया नाल्याच्या दोन तीरांवर उभ्या राहून एकमेकींचा उद्धार करतात, ती रीतच आहे. एका मुलीने असले एक भर शिबिरात म्हटले. काही कार्यकर्ते संतापले. सासू, सवत, दारुडा नवरा ही गाणी मुलांना कशाला, असाही आक्षेप आला, आणि तो अगदीच खोटा नाही. आम्ही शिव्या गाळल्या, सासू ठेवली.

आता शिबिरे लहान झाली आहेत. दहा दिवसांची पाच झाली, पाचाची तीन. मेमध्ये शिकवण्या चालू असतात, ऊन पूर्वीसारखे सोसवत नाही, शाळा मिळणे अवघड झाले आहे. मुलांकडे वही नाही, मोबाइल आहे. ती गाणे लिहीत नाहीत, रेकॉर्ड करतात. मला याचे दुःख नाही. ही तर बाबांच्या वहीकडे परत जाण्याचीच वाट म्हणता येईल. अहिराणी गाणी तर आज यूट्यूबवर अशी चालतात की शिबिरात आता अहिराणी म्हणा असे सांगावे लागत नाही, थोडी कमी म्हणा असे सांगावे लागते. लग्नातल्या डीजेवरची ती गाणी. ती घ्यायची की नाही यावर गेल्या बैठकीत वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. माझे मत घ्यावीत असे आहे, आवाज कमी करून.

एक काम राहिले आहे. जुन्या वह्यांत शब्द आहेत, चाल नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांची चाल आता दोन-तीन माणसांनाच येते, आणि ती माणसे सत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर अशी शंभर पानी वही पडली असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. एखादे गाणे चालीसकट आठवत असेल तर ते लिहून पाठवायच्या भानगडीत न पडता, आधी घरातल्या कोणत्याही मुलाला समोर बसवून म्हणून दाखवावे.